सतरापासून मोजलेली शाळा

स्काल्वोय, १४ ऑक्टोबर

योरुन,

पाकीट उलटून तू नाव बघशील आणि उघडावं की नाही याचा विचार करत बसशील. उघड. यात भांडण नाही. फोनवर आपण एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितेय.

आधी कामाचं. आईचे लोकरीचे मोजे वृद्धाश्रमाच्या धुलाईत आटले. एक जोड मी विणतेय, दुसरा तू बघ. आईकडे मी शनिवारी जाते आणि तू रविवारी. हे आपण कधी ठरवलं नाही, पण फेब्रुवारीपासून दोघींपैकी कुणाचाही वार चुकलेला नाही. गेल्या शनिवारी आईने विचारलं, "योरुन कुठे गेली? आत्ता तर इथे होती." तिच्या मते आपण दोघी अजून माडीवरच्या खोलीत एकत्र झोपतो. मी म्हणाले, "येईल." तिथल्या बाई उगीचच पडदे सारखे करायला लागल्या.

तू पालिकेच्या शिक्षण विभागाची प्रमुख झालीस याचा मला आनंदच झाला होता. पण आपण दोघी बेटावरच्या ज्या शाळेत शिकलो आणि मी जिथे बावीस वर्षं शिकवतेय, ती बंद करायचा प्रस्ताव तुझ्याच सहीने यावा, याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते तेव्हा म्हणून झालं. त्यातलं निम्मं म्हणायला नको होतं. कोणतं निम्मं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तिसरी-चौथीला सध्या स्तंभालेख शिकवतेय. दोन्ही इयत्ता मिळून सात मुलं. डब्यातल्या पावावर काय लावून आणलंय, यावरून सुरुवात केली. चौघांचं तपकिरी चीज, दोघांची लिव्हर पेस्ट आणि उग्नेचा टोमॅटोतला बांगडा. उग्ने लिथुआनियाची. तिचे वडील सॅमन माशांच्या कारखान्यात आहेत. तिने विचारलं, "एकाचा स्तंभ असतो?" मी म्हणाले, असतो. मग तिने तो सगळ्यांत नीट रंगवला.

सगळ्यांत उंच स्तंभ कोणता, हे मुलांना लगेच सांगता येतं. अडतं ते 'किती जास्त' पाशी. चीज लिव्हर पेस्टपेक्षा कितीने जास्त, असं विचारलं की सीवर्ट ठामपणे सांगतो, "चार." का? तर चीजचा स्तंभ चारपर्यंत जातो म्हणून. तीन दिवस हेच चाललं होतं. शेवटी मी सगळ्यांचे डबे जमिनीवर मागवले आणि शेजारीशेजारी चळती रचायला लावल्या. सीवर्टने दोन्ही चळतींवर हात आडवा ठेवला, हाताच्या वर राहिलेले दोन डबे उचलले आणि म्हणाला, "हे उरले. जास्त म्हणजे उरलेले." आता तो सगळ्या शाळेला हेच शिकवत फिरतोय.

शेवटी मी विचारते, या आलेखावरून काय कळत नाही? हा प्रश्न मोठ्यांनाही जमत नाही. तिरिल म्हणाली, "डबा कोणी भरला ते कळत नाही. माझा बाबांनी भरलाय आणि त्यांना लोणी लावता येत नाही." तिचा बाबा म्हणजे रोआल. तुझ्या वर्गातलाच तो. 'शाळा वाचवा' मंडळाचा सध्याचा अध्यक्ष.

मोज्यांचं कळव.

गुनवोर


स्काल्वोय, ६ नोव्हेंबर

योरुन,

शाळा बंद करायच्या प्रस्तावाची तुमची पुस्तिका घरोघर आली. कागद छान आहे.

मुख्याध्यापक ओडवार म्हणाले, "ही वर्गात नेऊ नकोस. राजकारण होतं." मी म्हणाले, "गणित आहे." ते म्हणाले, "गुनवोर, तुझा चेहरा गणिताचा नाहीये." तरी मी नेली.

आठव्या पानावर 'एका शिक्षकामागे किती मुलं' असा आलेख आहे. आमचा स्तंभ पेरभर, पाण्यापलीकडे गावातल्या शाळेचा त्याच्या सहा पट. मी काही न बोलता पान फळ्यावर लावलं. ईवर जवळ जाऊन बघून आला. "आपण एवढेसेच?" त्याला वाईट वाटलं होतं. मग पट्ट्या निघाल्या. आमचा एक चौकट, त्यांचा सहा चौकटी.

उग्ने म्हणाली, "पण खाली सहा लिहिलंय. शून्य कुठे गेलं?"

मी काही सुचवलं नव्हतं. शपथेवर सांगते. सीवर्ट म्हणाला, "शून्य पाण्याखाली गेलंय. भरतीत धक्क्याचे खांब दिसतात तसं."

इतकी वर्षं शिकवतेय, पण मला हे कधी सुचलं नाही. भरती आली की धक्क्याचा एक खांब वीतभर दिसतो आणि शेजारचा पुरुषभर. ओहोटीला बघितलं तर दोन्ही चांगले उंच. पाणी सहापर्यंत चढलंय म्हटल्यावर सातही मुलांना एका फटक्यात समजलं. त्यांनी ओहोटीचा आलेख काढला. आमचे सात, गावातले बारा. ईवर म्हणाला, "ते जास्त आहेतच. पण सहा पट नाहीत. दोन पटसुद्धा नाहीत." त्याचं तोंड परत उजळलं.

शेवटच्या पानावर तुझं नाव आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण तिरिल सगळं वाचते. "योरुन होल्मविक. तुझंही आडनाव होल्मविक आहे."

"इथे बरेच होल्मविक आहेत," मी म्हणाले.

मुलांचा आलेख सोबत पाठवतेय. आठ-नऊ वर्षांच्या सात मुलांना अर्ध्या तासात जे सापडलं ते तुमच्या कार्यालयात कुणालाच दिसलं नाही का? की दिसलं होतं? हे भांडण नव्हे, प्रश्न आहे.

गुनवोर


स्काल्वोय, २० नोव्हेंबर

योरुन,

तुझं कार्ड मिळालं. "मुलं बरोबर आहेत. अक्ष शून्यापासून करून पुस्तिका परत छापतोय. मोजे विणते आहे." तीन वाक्यं, खाली सही. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. मला लांबलचक खुलासा अपेक्षित होता. त्याला काय उत्तर द्यायचं, तेही तयार होतं. तू सरळ मान्य करून टाकलंस, त्याचं आता काय करू?

दुरुस्त पुस्तिका परवा आली. वर्गात दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालिकेने आपलं ऐकलं, हे त्यांना फारच भारी वाटलं. सीवर्ट विचारतोय की आता बोटीचं वेळापत्रकही त्याच लोकांकडे पाठवता येईल का.

इकडे मंडळाने एक मोठा फलक केलाय. चार वर्षांत शाळेतली मुलं कशी वाढली, याचा आलेख. चांगला रंगीत आहे. दुकानाच्या दारावर, धक्क्यावर, समाजघरात लावलाय. माणसं थांबून बघतात. जानेवारीत तुमची शिक्षण समिती येईल तेव्हा बोटीतून उतरताच तो दिसेल. तो मंडळाने केलाय.

आई बरी आहे. मी दोन दिवस सर्दीने पडून होते.

गुनवोर


स्काल्वोय, २ डिसेंबर

योरुन,

सोमवारी तिरिल वर्गात आली ती अंगातला कोट न काढताच. "गुनवोर, दुकानातल्या फलकावर पाणी सतरापर्यंत चढलंय."

मी म्हणाले, "कागदावर जागा नसेल."

"मग पालिकेकडेही जागा नसेल," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच असं वाटलं की बिचाऱ्या पालिकेवर आपण अन्याय केला. "फलक कुणी केला?"

"वह्या काढा," मी म्हणाले.

तो मी केला, योरुन. गेल्या पत्रात 'मंडळाने' लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की मी काय लिहितेय. रोआलच्या स्वयंपाकघरात, एका रविवारी. आधी मी तो शून्यापासूनच काढला होता. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. रोआलने लांबून बघितला आणि म्हणाला, "हे तर कुंपण दिसतंय. कुंपण बघून कोण हलणार आहे?" त्याची बायको सोल्वी म्हणाली, "जरा उठाव दे ना त्याला." मी दुसरा कागद घेतला आणि खाली सतरा लिहिलं. पहिला स्तंभ एक चौकट, शेवटचा चार. शाळा चौपट झाल्यासारखी दिसायला लागली. रोआल म्हणाला, "आता कसं!" आणि मलाही ते बघून बरं वाटलं. तुमचं आठवं पान वर्गात लावलं त्यानंतरचा हा रविवार. नवशिकी असते तर म्हटलं असतं, कळलं नाही.

दोन दिवस वाट पाहिली, मुलं विसरतील म्हणून. बुधवारी ईवरने सांगितलं की तो आणि सीवर्ट मंडळाला पत्र लिहिणार आहेत, पालिकेला लिहिलं तसंच. मग मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "तो फलक मी काढलाय."

 ईवर म्हणाला, "तेव्हा तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग का काढलास?"

"शाळा राहावी असं फार वाटत होतं म्हणून."

त्याने विचार केला. "पालिकेलाही काहीतरी फार वाटत असेल," तो म्हणाला. सीवर्टने विषय मिटवला. "मग आता दुरुस्त कर. त्यांनी केलं."

आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. चार स्तंभ, शून्यापासून. खरंच कुंपण दिसतं. आणि तेवढ्यावर थांबलं असतं, पण मुलांना चटक लागली होती. ईवर म्हणाला, "पुढच्या वर्षी किती असतील?" बेटावर कुणाकडे किती लहान पोरं आहेत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कोण सातवीतून बाहेर पडणार, कोण पहिलीत येणार, सगळं बोटांवर. बघता बघता फळा भरला. एकोणीस, सतरा, तेरा, अकरा. जिना उतरावा तसे स्तंभ. मागच्या चार वर्षांसकट ते एका मोठ्या कागदावर उतरवले.

मी तिथेच थांबवू शकले असते. घंटाही झाली होती.

मधे तिरिलने विचारलं, "पोटातलं धरायचं का?" मी म्हणाले, "कुणाच्या पोटातलं?" "आईच्या. मार्चमध्ये येणार आहे." यावर वाद झाला. उग्नेचं म्हणणं, जन्मलं नाही ते मोजायचं नाही. तिरिल म्हणाली, कुणी मोजो न मोजो, ते येणारच आहे. शेवटी तडजोड झाली. तसंही ते बाळ शाळेत येईपर्यंत सहा वर्षं जाणार, म्हणून कागदाच्या अगदी कडेला तुटक रेघेची एक चौकट काढली. दुसऱ्या दिवशी दुकानात चार जणांनी सोल्वीचं अभिनंदन केलं. तिने अजून स्वतःच्या सासूलाही सांगितलं नव्हतं.

आणि उग्नेने स्वतःच्या आणि भावाच्या चौकटी शाईने रंगवल्या नाहीत. पेन्सिलने केल्या. म्हणाली, "बाबा म्हणतात, आम्ही कदाचित परत जाऊ. मग तुम्हाला खोडता येईल."

कागद वर्गाच्या भिंतीवर आहे. दुकानातला फलक मी काल उतरवला. त्या जागी कुंपण लावलं.

गुनवोर


स्काल्वोय, १७ जानेवारी

योरुन,

तुमची समिती गुरुवारी येणार, हे कळलं. सगळ्यांचं मिळून समाजघर घासूनपुसून झालं. मी वॉफलच्या पिठाचं काम घेतलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

फलक बदलल्यापासून रोआल माझ्याशी कामापुरतं बोलत होता. काल सफाई संपल्यावर तो मागे थांबला. मी भांडी पुसत होते.

"वर्गातला तो जिना काढून ठेव," तो म्हणाला.

"मुलांनी केलाय."

"मुलांनी केलाय म्हणूनच काढ. आपण काय लावलंय ते समितीतली माणसं वाचत नाहीत. पोरांनी काय काढलंय ते मात्र जवळ जाऊन वाचतात."

"तुझ्याच मुलीने रंगवलाय."

"ठाऊक आहे. सगळं बेट माझं अभिनंदन करतंय." त्याला हसू येणार होतं, पण त्याने ते येऊ दिलं नाही. "गुनवोर, मी एवढंच म्हणतोय की दोन तास तो कपाटात ठेव. खोटं बोल म्हणत नाही. आम्ही इथे घर बांधलंय. शाळा गेली तर नवीन माणूस इथे कशाला येईल? आणि कुणी आलंच नाही तर तो जिना खराच होणार. तुम्ही तो काढून खरा करताय."

 त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. शाळा आहे म्हणून माणसं येतात, माणसं येतात म्हणून शाळा असते, आणि मुलांच्या आलेखात हे कुठेच दिसत नाही.

"तू नक्की कुणाकडून आहेस? बहिणीकडून?" त्याने विचारलं.

"बहिणीशी मी वर्षभर बोललेली नाही," मी म्हणाले. तो कोट घालून निघून गेला.

आज शाळा सुटल्यावर मी तो कागद उतरवला. चारही पिना काढल्या, गुंडाळी केली, कपाटाचं दार उघडलं. मग सोमवारी मुलांना काय सांगायचं याचा विचार करत तिथेच उभी राहिले. 'पाहुणे येणार होते' असं? परत लावला. एक पीन हरवली, म्हणून एक कोपरा लोंबतोय.

तू येणार आहेस का, की नुसती समिती? वॉफल किती लागतील, एवढ्यासाठी विचारतेय.

गुनवोर


स्काल्वोय, २६ जानेवारी

योरुन,

तू होतीसच, तरी लिहितेय. तू मागे दारापाशी उभी होतीस. तिथून सगळं ऐकू गेलं नसणार.

समितीतल्या त्या निळ्या मफलरच्या बाई वर्गात शिरल्या त्या आधी आलेखापाशी गेल्या. रोआलने म्हटलं तसंच झालं. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" तिरिलने सांगितलं, "आपली शाळा. ही झालेली वर्षं, ही येणारी." बाईंनी पेन्सिलच्या चौकटींवर बोट ठेवलं. "आणि ह्या फिक्या का?" उग्ने म्हणाली, "ती मी आणि माझा भाऊ." बाईंचं बोट तिथेच राहिलं.

मग त्या टकल्या गृहस्थांनी, तुमच्या समितीच्या अध्यक्षांनी, खाली वाकून विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, शाळा बंद करावी का?" मुलांना असलं विचारू नये. मी पुढे होणार, तेवढ्यात सीवर्ट म्हणाला, "ते यात लिहिलेलं नाही. यात फक्त किती ते आहे." आणि जॅम संपतोय का ते बघायला वॉफलच्या टेबलाकडे गेला.

रोआल खिडकीपाशी होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

धक्क्यावरच्या खोलीत बोटीची वाट बघताना तू जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं होतं, "मुलंच कमी होणार, एवढं साधं कारण होतं तर तुमच्या पुस्तिकेत ते का नव्हतं? शिक्षकांचे आकडे कशाला?"

तू म्हणालीस, "होतं. हाच आलेख मी सप्टेंबरमध्ये केला होता. मग काढून टाकला."

"का?"

"अकराच्या स्तंभातली अकराही पोरं मला माहीत होती. कुणाची कोण, कोणत्या घरातली. एका शिक्षकामागे किती मुलं, हे छापताना कुणाचा चेहरा समोर येत नाही."

मी म्हणाले, "आणि मग ते पुरेसं दिसेना म्हणून खाली सहा लिहिलंस."

तू म्हणालीस, "हो. तू सतरा का लिहिलंस?"

तेवढ्यात बोट आली. तू पिशवी माझ्या हातात दिलीस, हातमोजे चढवलेस आणि पिशवी परत घेतलीस. वर्षभरात आपण एकमेकींच्या हातून घेतलेली ती पहिली वस्तू. मी घरी आले आणि उरलेलं पीठ टाकून दिलं.

येत्या शनिवारी आईकडे तू आलीस तर चालेल.

गुनवोर


स्काल्वोय, १३ मार्च

योरुन,

समाजघरात पडदा लावून आम्ही सगळ्यांनी पालिकेची सभा पाहिली. तू टेबलाच्या टोकाला बसली होतीस आणि एकदाही वर बघितलं नाहीस. निळ्या मफलरच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. "स्काल्वोयच्या मुलांनी स्वतः काढलेला आलेख मी पाहिला. त्यानंतर मला दुसरं मत देता येत नाही," म्हणाल्या. खोलीतल्या खुर्च्या करकरल्या. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मतदान झालं. शाळा उन्हाळ्यानंतर बंद. रोआल उठला, त्याने आपली खुर्ची भिंतीला लावली, शेजारची दोनही लावली आणि बाहेर पडला. सोल्वी आठवडाभरापूर्वी बाळंत झालीय, म्हणून ती नव्हती. ती असती तर कुणीतरी माझ्याशी बोललं असतं.

आज दुकानात पावाच्या रांगेत मला पुढे जाऊ दिलं. आदराने नव्हे. कुणाला माझ्या शेजारी उभं राहायचं नव्हतं.

पण हे मी सहन करीन. जे लिहायला बसले ते वेगळं आहे. सकाळी वर्गात तिरिलने हात वर केला. ती एरवी हात वर करत नाही, सरळ बोलते.

"आमच्यामुळे बंद झाली का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उग्ने खाली बघत होती.

मी म्हणाले, "मुलं कमी होणार आहेत, हे तुम्ही आलेख काढला नव्हता तेव्हाही खरं होतं."

"पण आम्ही काढलाच नसता तर?"

'तरी बंदच झाली असती, राणी', असं म्हणता आलं असतं. ते सगळ्यांना हवं होतं, मलाही. पण या वर्षी माझं त्यांच्याशी एकदा खोटं बोलून झालंय. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तिरिलने हात खाली घेतला. "बरं," म्हणाली. मग विचारलं, "भिंतीवरचा कागद मी घरी नेऊ का?" मी म्हणाले, ने. मधल्या सुट्टीत ती बाहेर खेळायला गेली आणि मी वर्गातच बसून राहिले. ओडवार कॉफी घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली आणि काही न बोलता गेले. इतक्या वर्षांत त्यांनी केलेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट.

तुला माहीत असेल तर मला कळव. त्या बाईंचं मत फिरलं नसतं तर निकाल बदलला असता का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

गुनवोर


स्काल्वोय, ९ ऑगस्ट

योरुन,

गावातल्या शाळेकडून चौथीचा वर्ग मिळाल्याचं पत्र आलं. त्यात तुझा हात नाही असं तू म्हणालीस, ते मी मान्य करते. चौथीत चोवीस मुलं आहेत. एवढी मुलं एका खोलीत बसतात कशी ते बघायचंय. मुलांबरोबर मीही रोज सकाळच्या बोटीने येणार.

मतांचं तू फोनवर सांगितलंस ते मी तिरिलला लगेच सांगितलं होतं. त्या एका बाईंच्या मताने काही बदललं नसतं. तिने विचारलं, "किती मतांनी बदललं असतं?" मी म्हणाले, तीन. "मग दोन उरतात," ती म्हणाली आणि सायकलवर बसून गेली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

उग्नेचं कुटुंब जूनमध्येच लिथुआनियाला गेलं. तिने तिथून चित्र पाठवलंय. त्यात एक घर आहे आणि त्याला भरपूर खिडक्या आहेत.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते.

काल रोआल आला. मार्चपासून पहिल्यांदाच. मी अंगणात करंटची लाल फळं तोडत होते. तो कुंपणापाशी उभा राहिला, मग आत आला, मग त्याने रिकामी टोपली घेतली आणि दुसऱ्या बाजूने तोडायला लागला. अर्धी भरल्यावर म्हणाला, "हिवाळ्यात संध्याकाळची बोट सुटली नाही तर?"

त्याचं खरं आहे. वारा वाढला की बोट बंद, आणि मुलं तिकडे अडकणार. पालिकेच्या कागदात 'योग्य ती सोय करण्यात येईल' असं आहे. मी तुझी भाषा ओळखते, ते वाक्य तुझं नाही.

"मी असेन त्यांच्याबरोबर," मी म्हणाले.

"तू असशील. पण झोपणार कुठे? शाळेच्या व्यायामशाळेत? तिरिल नवीन जागी झोपत नाही. सीवर्ट झोपेत चालतो." तो टोपलीत बघून बोलत होता. "मला पालिकेला विचारायचं नाही. तुला विचारतोय."

मी म्हणाले, "माझ्या बहिणीकडे."

त्याने मान वर केली. "योरुनकडे?"

"तिचं घर शाळेपासून जवळ आहे. माडीवरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत. ती लापशी चांगली करते."

"ती हो म्हणालीय?"

"हो," मी म्हणाले.

तो पुन्हा तोडायला लागला. टोपली भरली, ती त्याने पायरीवर ठेवली. "मग ठीक आहे," म्हणाला. "तिला सांग, तिरिलला दिवा लागतो. छोटा असला तरी चालतो." फाटकापाशी थांबून म्हणाला, "आणि मासे पाठवीन." मग गेला.

तर योरुन, मी तुला न विचारता हो म्हणून मोकळी झालेय. आता विचारतेय. ज्यांचं गावात कुणीच नाही अशी आठ मुलं आणि मी. रोज नाही, फक्त वाऱ्याच्या दिवसांत. गाद्या कमी पडत असतील तर सांग, समाजघरातल्या गाद्या पहिल्या बोटीने आणीन. सीवर्टसाठी जिन्याला फळी लावावी लागेल. तो छोटा दिवा मी आणते.

गुनवोर